आईला नाताळाला काय द्यावं? (कपाटात जाऊन न बसणारं)

वाडीतला_थोरला | २८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, नोव्हेंबर संपत आला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण एकच, आईची नाताळची भेट.

आई ७६ वर्षांची. वसईत नंदाखालच्या बाजूला आमची वाडी आहे, तिथं एकटीच राहते. गुडघे सोडले तर ठणठणीत. पहाटेची गाडी धरून दादरला फुलं आणि भाजी विकण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची किंमत विचारते. आम्ही निम्मी सांगतो. ती मनातल्या मनात दुप्पट करते. मग म्हणते, "चांगलंय, ठेवते." आणि ठेवते. कपाटात, खोक्यासकट.

गेल्या मे महिन्यात कपाटाला वाळवी लागली म्हणून ते रिकामं करावं लागलं. आतून काय निघालं म्हणता? मिक्सर एक (२०११ चा, वॉरंटी कार्ड कोरं). घडी न मोडलेल्या साड्या चार. पाय शेकायचं यंत्र. बहारीनहून धाकट्यानं आणलेलं घोंगडीएवढं जाड ब्लँकेट, पिशवीची चेन अजून कडक. भिंतीवरचं घड्याळ, आणि शेजारी त्याचा सेल वेगळा, कागदात गुंडाळून. मी घेतलेला मोबाइलही होता, तो बहिणीनं दिलेल्या पर्समध्ये ठेवला होता. म्हणजे पर्स वापरली म्हणायची.

तर प्रश्न सरळ आहे. कपाटात जाणार नाही असं काय देता येईल? आणि तुमच्या घरी नाताळाला दिलेलं-घेतलेलं काही लक्षात राहिलं असेल तर तेही लिहा. नाताळ घरचा असो की शेजारचा.

---

नगरी_ठसका | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२५

थोरले, तुमची आई आणि माझी आई एकाच साच्यातल्या.

आम्ही राहुरी तालुक्यातले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नाताळाला आम्हा पाचही भावंडांना एकाच ताग्यातलं कापड. चौघांचे सदरे आणि बहिणीचा फ्रॉक. चर्चमध्ये एका बाकावर बसलो की बाकाला खोळ शिवल्यासारखं दिसायचं. पाळकसाहेब वेदीवरून हसू दाबायचे. भेट म्हणून वेगळं काही नसायचं. संडेस्कूलच्या बक्षीस समारंभात पेन्सिल मिळाली तर मिळाली. आजोबांना मात्र वडील दर नाताळाला 'ज्ञानोदय'ची वर्गणी भरून द्यायचे. १८४२ साली नगरात सुरू झालेलं पत्र ते. आजोबा अंक आला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचे. भेट एकाला, शिक्षा सगळ्यांना.

पण सांगायचं होतं ते कुकरचं. १९८६ साली थोरल्या भावाला साखर कारखान्यात सीझनची नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्यानं नाताळाला आईला प्रेशर कुकर आणला. गावात तेव्हा दोनच कुकर होते. वस्तीतले सगळे बघायला जमले. पहिली शिट्टी झाली आणि आई फळीवरून परडी घेऊन अंगणात! म्हणाली, घरात असलं भूत नको. पुढं दोन वर्षं त्या कुकरात तांदूळ ठेवले. झाकण घट्ट बसतं, किडे जात नाहीत, म्हणून तिला तो फार आवडायचा. भावाला म्हणायची, "तुझ्या डब्यासारखा डबा नाही बघ."

म्हणजे वापरला तिनंच. फक्त कशासाठी ते तिनं ठरवलं.

---

शंकासुर | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

माफ करा, पण नाताळाला भेट द्यायची ही सगळी बाजारानं लावलेली सवय आहे. लाल टोपी, चमकीचा कागद, मॉलमधला म्हातारा. ऑफिसात 'सीक्रेट सांता' म्हणून मला तीन वर्षांत तीन कॉफीचे मग मिळाले. मी चहा पितो.

---

सासरी_गोराईला | २९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

शंकासुर, मगाचं दुःख समजू शकते. पण भेटी बाजारानं नाही आणल्या, बाजार नंतर आला. सेंट निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. आज ते गाव तुर्कस्तानात येतं. गरीब घरच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची गोष्ट सांगतात. डच लोक त्यांना सिंटरक्लास म्हणायचे, त्याचा अमेरिकेत सांताक्लॉज झाला. हे मला सासूबाईंनी सांगितलं, चिंबोरी फोडता फोडता.

सासूबाईंवरून आठवलं. माहेर सीकेपी, ठाण्याचं. सासर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. त्यांचा बाटली मसाला तुम्हाला माहीत असेल. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीनं ठासून भरायचा, म्हणून बाटली मसाला. प्रत्येक घराचा वेगळा. कृती कुणी कुणाला सांगत नाही. सांगितलीच तर मुलीला, सुनेला नाही.

लग्नानंतर दहाव्या नाताळाला मम्मांनी माझ्या हातात पाकीट दिलं. मला वाटलं, पैसे. आत वहीचा कागद, मसाल्याची यादी, त्यांच्या हातची. मी तिथंच रडले, नवऱ्याला वाटलं पैसे कमी आहेत. यादीत तेवीस जिन्नस मापासकट लिहिलेले. आणि चोविसाव्या ओळीला: "आणि ते दुसरं."

मी विचारलं, मम्मा, दुसरं म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "अगं ते, आपण घालतो ते." पाच उन्हाळे त्यांच्या शेजारी बसून मसाला केला, पण दर वेळी मी पाणी आणायला उठले की काहीतरी पडायचं त्या परातीत. मम्मांना जाऊन आता चार वर्षं झाली. नणंदेला विचारलं, तिच्या यादीतही शेवटची ओळ तीच आहे.

---

तारवट्याची_लेक | २९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

गोराईताई, तुमची चोविसावी ओळ वाचून अंगावर काटा आला, आणि हसूही.

मी गोव्यातल्या सालसेतची. शाळा मराठी, घर कोंकणी. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे नाताळाला घरात एकमेकांना द्यायची पद्धत कमी, शेजारी द्यायची जास्त. त्याला कोंसुआद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंकाची एखादी चीप, असं तबक भरून वर विणलेला रुमाल टाकायचा आणि घरोघर पोचवायचं. हिंदू शेजाऱ्यांकडे पण जातं, चवथीला त्यांच्याकडचं येतं. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल तिथं गोड करत नाहीत. तिथं सगळ्यांत आधी तबक जायचं. आमच्या घरी एका वर्षी अकरा तबकं आली होती. ते वर्ष मला नीट आठवतं.

पप्पा तारवटी होते, बोटीवर. वर्षातले दहा महिने समुद्रावर, नाताळाला घरी क्वचितच. त्यांना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून ते कॅसेटवर बोलून कॅसेट पाठवायचे. १९८३ च्या नाताळाला एक आली. मागे इंजिनाची घरघर, आणि पप्पा सगळ्यांची नावं घेऊन एकेकाशी बोलत होते. कुत्र्याशी पण. शेवटी नाताळचं एक कांतार, म्हणजे गाणं, म्हटलं होतं, सूर सोडून. ती कॅसेट आम्ही इतकी ऐकली की कुत्रा नुसता बटणाचा आवाज झाला तरी यायचा.

दोन वर्षांनी भावानं तिच्यावर हिंदी गाणी भरली. त्याला ठाऊक नव्हतं, वरचा कागद पडला होता. आता त्या कॅसेटवर पप्पा आईशी बोलतात, माझ्याशी बोलतात, भावाचं नाव घेतात आणि लगेच ढोलक सुरू होतो. भावासाठी पुढं काय होतं ते कोणालाच आठवत नाही. तो आज ५२ वर्षांचा आहे. अजून अधूनमधून मला विचारतो, "तुला खरंच आठवत नाही?"

---

वाडीतला_थोरला | २९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

लेकताई, काय लिहू. आईचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवतो उद्याच. (मोबाइल कपाटात आहे, माझ्यावर घेतो.)

---

सोलापुरी_श्टुटगार्टात | ३० नोव्हेंबर

आम्ही नाताळवाले नाही, पण पोरं इथं जर्मनीत वाढतायत, मग सुटका कुठली! ५ डिसेंबरला रात्री बूट घासून दाराबाहेर ठेवायचे, ६ ला सकाळी निकोलस त्यात खाऊ टाकून जातो. खऱ्या भेटी मात्र २४ च्या संध्याकाळी, २५ ला सकाळी नाही. आणि १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची, अशी २४ खिडक्यांची दिनदर्शिका.

हे आईला फोनवर सांगितलं. सोलापूरहून तिनं २४ पुड्या पाठवल्या. प्रत्येकीवर आकडा. चिंचेच्या गोळ्या, गोट्या, शेंगा चटणी, खणाचा तुकडा, राजगिऱ्याची वडी, जुनं पाच पैशाचं नाणं. पार्सल पोचलं १९ डिसेंबरला. पोरांनी एका बैठकीत १९ पुड्या फोडल्या आणि गोळ्यांवर चटणी खाल्ली. शेजारची जर्मन पोरगी पण होती. तिच्या आईनं मला विचारलं, तुमच्याकडे निकोलस मिरची देतो का?

---

जर्सीची_काकू | ३० नोव्हेंबर

आमच्याकडची गंमत. नात चार वर्षांची असताना आमचे हे इथंच होते. हे निवृत्त एसटी कंट्रोलर, सांगली डेपो. अमेरिकेचं हवाई संरक्षण खातं १९५५ पासून २४ डिसेंबरला सांता कुठपर्यंत आला ते लोकांना सांगतं, आता तर नकाशावर दिसतं. ह्यांनी सकाळपासून लॅपटॉप ताब्यात घेतला. "टोकियो सुटलं. पुढचा थांबा सोल. गाडी वेळेवर आहे." नात मांडीवर. रात्री नऊ वाजता सूनबाईनं तिला झोपवलं. सांतासाठी दूध आणि तीन कुकी ताटलीत ठेवल्या.

सकाळी ताटली रिकामी, आणि शेजारी आजोबांचा चष्मा. ह्यांना साखर आहे, डॉक्टरनी गोड बंद केलेलं. मी बघितलं, सुनेनं बघितलं, कोणी बोलेना. नातच म्हणाली, "सांतानं यादी वाचायला आजोबांचा चष्मा घेतला!" हे म्हणाले, "हो, ड्रायव्हरला जवळचं दिसत नाही."

त्या वर्षी तिला काय खेळणं मिळालं ते तिला आठवत नाही. चष्मा आठवतो.

---

शंकासुर | ३० नोव्हेंबर

वाचतोय. मगांबद्दलचं मत कायम आहे. बाकी एक शंका. मूळ भेटी म्हणजे त्या तीन राजांनी बाळाला आणलेल्या ना? सोनं, ऊद आणि गंधरस. ऊद-गंधरसाचं बाळानं काय करायचं? ते पण कपाटातच गेलं असणार.

---

तारवट्याची_लेक | ३० नोव्हेंबर

शंकासुरबाब 😄 तीन राजांचं फेस्त आमच्याकडे ६ जानेवारीला. वेरेंच्या रेइश मागुशला, चांदरला, कासावलीला मुलगे राजे होऊन मिरवतात. आणि एक गंमत: मत्तयच्या शुभवर्तमानात ते ज्ञानी लोक किती होते हे लिहिलेलंच नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली. शाळेत सिस्टरना मी हे विचारलं होतं, बाकावर उभं केलं.

---

वाडीतला_थोरला | १ डिसेंबर

आमच्या गोठ्यात राजे दोनच आहेत. तिसऱ्याच्या जागी मावळा.

---

नगरी_ठसका | १ डिसेंबर

मावळा??? थोरले, हे असं टाकून पळू नका.

---

वाडीतला_थोरला | १ डिसेंबर

बरं, ऐका. नाताळाला घराच्या ओट्यावर गोठा करतो आम्ही, येशूजन्माचा देखावा. दोन आठवडे आधी आई थाळ्यांत नाचणी पेरते, तिची हिरवळ होते. गवताचं छप्पर, आरशाचं तळं. बाळ २४ च्या रात्री मिस्साहून आल्यावरच ठेवायचं. राजे लांब ठेवायचे आणि रोज थोडे पुढं सरकवायचे, ६ जानेवारीपर्यंत गोठ्याशी यायला हवेत. हे सरकवायचं काम लहानपणी धाकट्याचं होतं. एकदा त्यानं घाई केली आणि राजे २७ डिसेंबरलाच पोचले. आईनं त्यांना परत पाठवलं.

प्लास्टरचा तो संच बाबांनी वांद्र्याहून आणला होता. बाबा १९९१ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या नाताळाला पेटी उघडली तर एका राजाचं डोकं तुटलेलं. नवा आणण्याची त्या वर्षी ऐपत नव्हती, आणि गोठा करावा की नाही हाच प्रश्न होता. शेजारच्या पाटलांच्या बंड्यानं दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आणून दिला. हातात भाला, कमरेला शेला. आईनं भाला काढला आणि त्याला राजांच्या रांगेत उभा केला. तेव्हापासून तोच. त्याच्या मिशा दोनदा रंगवल्यात.

---

सासरी_गोराईला | १ डिसेंबर

थोरले, उत्तर तुम्हीच दिलंत की! आईला तिसरा राजा द्या.

---

जर्सीची_काकू | १ डिसेंबर

अगदी! आणि तो कपाटात जाणार नाही, गोठ्यातच जाईल.

---

नगरी_ठसका | १ डिसेंबर

मला नाही पटत. मावळ्याला बेघर का करताय? कुकरचं लक्षात ठेवा.

---

वाडीतला_थोरला | १४ डिसेंबर

गेले दोन शनिवार वांद्रे, माहीम, क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं. सुटा राजा कोणी देत नाही. "पूरा सेट लो." एकानं गाईसकट अर्धा संच देऊ केला. गाय आमच्याकडे आहे. शेवटी हिल रोडच्या एका मामीनं टेबलाखालून एक काढला, त्याचे बाकीचे साथीदार फुटले होते. झगा जांभळा, एक हात पुढं केलेला, तळहातावर छोटी पेटी. सुंदर आहे. अडचण एकच, आमचे राजे वीतभर, हा दीड वीत.

---

शंकासुर | १४ डिसेंबर

घ्या. उंच राजा लांबून पण दिसतो.

---

वाडीतला_थोरला | २६ डिसेंबर, दुपारी

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. बहारीनवालाही आलाय, घर भरलंय, आत्ता सगळे जेवून आडवे झालेत म्हणून लिहितोय.

२४ च्या रात्री मिस्सा झाल्यावर आईला खोकं दिलं. तिनं राजा बाहेर काढला, उलटा केला, बुडाला टिचकी मारून बघितली.

"हा कोण?"

"तिसरा राजा."

"तिसरा आहे की."

मी म्हटलं, आई, तो मावळा आहे. ती म्हणाली, "तेहेतीस-चौतीस वर्षं चालत येतोय दर नाताळाला. आता त्याला सांगू का, तुझं काम नाही म्हणून?" मी लेकताईंचा मुद्दा काढला, की राजे किती होते ते पुस्तकात लिहिलेलंच नाही. आईनं माझ्याकडे असं बघितलं की हे मला आज कळतंय. मग तिनं नव्याला सगळ्यांच्या मागं, नाचणीच्या पार टोकाला उभा केला. "उशिरा निघालाय, पोचेल."

छपरापेक्षा डोकं वर जातंय. धाकट्याची पोरगी त्याला 'टॉवर अंकल' म्हणते.

किंमत विचारली. सांगितली.

---

तारवट्याची_लेक | २६ डिसेंबर

फोटो!! मावळ्याचा आधी.

---

वाडीतला_थोरला | ७ जानेवारी

काल फेस्त झालं, संध्याकाळी गोठा उतरवला. टॉवर अंकल वेळेवर पोचले, पोरीनं शेवटचा हातभर प्रवास एका ढकलीत करवला. सगळी मंडळी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून पेटीत गेली. मावळा बाळाच्या शेजारी, दर वर्षीसारखा. नवा राजा पेटीत मावेना. तिरका ठेवला, आडवा ठेवला, झाकण लागेना. मी मनाशी म्हटलं, गेला कपाटात.

आज सकाळी निघताना बघतो तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा. पुढं केलेल्या हातात, पेटीच्या वरून, विहिरीच्या पंपाची किल्ली अडकवलेली. ती किल्ली तीस वर्षं रोज हरवायची. शेजारची बाई पंप चालू करायला आली, तर आई आतूनच ओरडली, "राजाकडे आहे बघ."

---

नगरी_ठसका | ७ जानेवारी

वा! बाकी किंमत किती सांगितलीत?

---

वाडीतला_थोरला | ७ जानेवारी

निम्मी.